काचा बंद ठेवा!
ओल्या पोत्याचा वास आला की मला दुष्काळातलं लातूर आठवतं. तिथं नव्या जिल्ह्याचा कलेक्टर आला होता, नळाला पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. वहिनीच्या माहेरी माझ्या पुतण्याचं बारसं होतं आणि नातवाला गोदावरीच्या पाण्यानंच न्हाऊ घालायचं, हा वडिलांचा हट्ट. थंडीतल्या सकाळी नांदेडहून निघताना त्यांनी भाड्याच्या अँबॅसडरमध्ये भरलेल्या घागरी ठेवल्या, वर ओली पोती टाकली आणि फर्मान काढलं, "काचा बंद! वारं लागलं की पाणी उडून जातंय." कंधारच्या पुढं आमच्या श्वासांनी काचा अशा धुकटल्या की ड्रायव्हरचाचा ओरडले, "भाऊ, काच उघडा, न्हाई तर बारसं खड्ड्यात करावं लागंल!" वडिलांनी काच उघडली नाही, उपरण्यानं पुसली आणि उपरणं घागरीत पिळलं. लातूरपर्यंत हेच चाललं. खोटं वाटेल, पण निघताना घागरी दोन होत्या, तिसरी वाटेत घ्यावी लागली. बाळ न्हालं, तेव्हा इतकं पाणी बघायला अख्खी गल्ली जमली. वडील जाऊन वर्षं झाली, तो पुतण्या आता मला गाडीतून फिरवतो. काचा धुकटल्या की त्याचा हात काच उघडायच्या बटणाकडं जातो, आणि मी म्हणतो, "थांब लेका, तुझा आजा पुसतोय ना."