वाकडेवाडीपासून फाटकापर्यंत

खडकीच्या कारखान्यात मी लागलो तो महिना डिसेंबरचा होता. शनिवार पेठेतून अंधारातच सायकल काढावी लागे. शिवाजीनगर ओलांडलं की गल्लीगल्लीतून सायकली येऊन मिळत आणि सगळा रस्ता भरून वाहू लागे. प्रत्येकाची माकडटोपी कानांवर ओढलेली असे. भोंगा झाला की फाटक बंद होई, आणि नव्या माणसाला उशीर माफ नव्हता.

एका सकाळी वाकडेवाडीपाशी माझी चेन तुटली. मी उतरणार, तोच मागून आवाज आला, "अहो, उतरताय कुठे? हँडल धरा."

"चेन तुटलीय."

"दिसतंय की. पायांना आज सुट्टी समजा."

आणि पाठीवर एक तळवा टेकला. तो माणूस एका हाताने स्वतःची सायकल सांभाळत मला ढकलत होता. तो दमला तसा दुसरा हात आला, मग तिसरा. कोणी कोणाला सांगत नव्हतं, तरी माझा वेग इतरांएवढाच राहिला. मला मोजायची सवय आहे. सहा हातांपर्यंत मोजले, पुढे थक्क होऊन मोजणंच सुटलं. त्या गार वाऱ्यात माझ्या स्वेटरवर तेवढीच एक जागा उबदार होती.

भोंग्याच्या आधी मी फाटकातून आत गेलो. आभार मानायला वळलो, तर शेकडो माणसं आपापल्या सायकली लावत होती. टोप्या सगळ्यांच्या सारख्याच, आणि माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं.