आरशात न दिसणारी जागा

बाबांनी उभं आयुष्य मुंबईत बस चालवली. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर मी मुलुंडहून भांडुपला सायकलने जायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी तेच बिथरले. मी शिकवते ती शाळा काही फार लांब नाही, गुडघ्यांनाही बरं, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांचं आपलं एकच, "सायकलवाले मध्येच घुसतात. आम्हाला दिसतच नाहीत."

"दिसत नाहीत कसे? एवढी मोठी काच असते समोर!"

यावर त्यांनी नुसता हात झटकला. पण मी निघाले की गॅलरीत येऊन उभे राहायचे, आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. हे मला आईकडून पुष्कळ नंतर कळलं.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. आमच्या सोसायटीतल्या एक ताई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. बाबांनी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली होती, आणि हे काय चाललंय ते बघायला ताईही येऊन उभ्या होत्या. मला चालकाच्या जागेवर बसवून बाबा माझी सायकल घेऊन मागे गेले.

"आरशात बघ. मी कुठे आहे?"

आरशात कंपाउंडची भिंत होती, वाळत घातलेली चादर होती, ताईंच्या ओढणीचं टोक होतं. बाबा नव्हते. मी मान वळवून पाहिलं, तरी नव्हते.

"बाबा?" माझा आवाज उगाचच चढला.

डाव्या बाजूच्या पत्र्यावर टकटक झाली. "मी हंय आसंय गो बाय!" घरात मालवणी ते फक्त लाडात आले की बोलतात. "आता तू गाडी डावीकडे वळवलीस, तर मी कुठे जाणार?"

मी खाली उतरले आणि आधी डाव्या बाजूला जाऊन ते धड आहेत ना ते पाहिलं. व्हॅन जागची हललीही नव्हती.

मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी म्हटलं, "आता तुम्ही चालवा सायकल. ताई व्हॅन घेऊन शेजारून जातील."

ताई हसायला लागल्या. बाबा मात्र खरंच निघाले. सोसायटीमागचा रस्ता रविवारी रिकामा असतो. गुडघे बाहेर काढून, हँडल घट्ट धरून ते कडेने जात होते. ताई मागून आल्या, वेग काही फार नव्हता, आणि शेजारून पुढे गेल्या. बाबांची सायकल लटपटली. त्यांनी पाय टेकला. मी धावत गेले, तर ते तसेच हँडल धरून उभे.

ताईही गाडी थांबवून आल्या. "काका, हातभर अंतर ठेवलं होतं मी. शप्पथ!"

"होतं गं. मी पण तेवढंच ठेवायचो." ते जरा थांबले. "वरून ते पुष्कळ वाटतं."

घरी आल्यावर ते गॅलरीत जाऊन खालचा रस्ता बघत बसले. आईने विचारलं तर म्हणाले, "काही नाही. एकेक सायकलवाला आठवतोय."

त्यानंतर सायकल सोड असं ते मला कधी म्हणाले नाहीत. सिग्नलला मी बसच्या डाव्या कुशीत घुसत नाही, मागे थांबते, आणि वळायच्या बरंच आधी हात दाखवते. ताई सायकल दिसली की वेग कमी करतात, आणि जागा नसेल तर मागेच राहतात. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी.

आता रविवारी बाबाच माझी सायकल घेऊन मासे आणायला जातात. परवा मीही सोबत चालत गेले; ते माझ्या चालीने सावकाश सायकल चालवत होते. परतताना सरळ आलं तर घर दोन मिनिटांवर, पण तो रस्ता वन-वे, आणि आम्ही उलट्या दिशेने. नाक्यावरचा भाजीवाला म्हणाला, "जा ना काका, सगळेच जातात!"

"मी असा उलटा येईन असं समोरून येणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं रे," बाबा म्हणाले आणि उतरले.

हँडलला माशांची पिशवी लटकत होती. ते सायकल ढकलत त्याच रस्त्याच्या फुटपाथवरून चालू लागले. मी कॅरिअरला हात लावला, जरा जोर द्यायला. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि चाल आणखी सावकाश केली.