कुलपाआडची नावं

आमचे यादीवाले गुरुजी मतदानाच्या आठवड्यात कुणाच्या तोंडाकडं आधी बघायचे नाहीत, डाव्या हाताच्या बोटाकडं बघायचे. शाई दिसली नाही की विचारायचे, "काय गं, आजारी हुतीस का?" पाथर्डीकडच्या आमच्या गावात ते शाळेत शिकवायचे, आणि घरोघर फिरून मतदारयादी लिहायचं कामही त्यांच्याकडंच.

दारात बसले की बाया सांगायच्या, "लिहा की, गणपाची आई." मग गुरुजी पेनाला टोपण लावायचे आणि पाणी मागायचे. बाईच्या तोंडून तिचं स्वतःचं नाव आल्याशिवाय उठायचे नाहीत. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी त्यांच्या आईनं नाव सांगितलं नव्हतं. यादीत 'अमक्याची बायको' असं लागलं, आणि तसली नावं वरून काढून टाकली. आई नवं लुगडं नेसून गेली आणि तशीच परत आली. "तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं," एवढंच गुरुजी सांगायचे.

मला आपले प्रश्न लई. त्यांनीच सांगितलं, की आधी म्हणे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह चिकटवलेलं, आणि चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. मग एकाच कागदावर सगळी चिन्हं आली, त्यावर शिक्का मारायचा. मी विचारलं, आत काय केलं ते नवऱ्याला सांगायचं का? "न्हाई." मी म्हटलं, ते तर विचारतातच. गुरुजी म्हणाले, "विचारू दे. त्याला आवडंल ते सांग." तेव्हापासून मी तसंच करते, आणि आमचे हे खूश असतात.

आम्ही दसरा झाला की टोळीबरोबर श्रीरामपूरकडं ऊसतोडीला जायचो, ते उन्हाळ्यात परत. एका हिवाळ्यात तालुक्याहून कोणी तपासणीला आला. आमच्या आळीत दाराला कुलपं बघून त्यानं 'गाव सोडून गेले' असं लिहिलं आणि सगळ्या आळीची नावं काढली. गुरुजी तालुक्याच्या साहेबापुढं उभे राहिले. "साहेब, जो कायमचा जातो तो कुलूप कशाला लावील? कुलूप हाय म्हणजे माणूस परत यायचाय." साहेब म्हणाला, मग त्यांच्या सह्यांचे अर्ज आणा, आठ दिवसांत.

रविवारी गुरुजी एस.टी.नं आमच्या फडात हजर. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, पिशवीत अर्ज. कोयते थांबले म्हणून मुकादम कुरकुरला, तर त्याला म्हणाले, "तुझंबी नाव गेलंय, बस हितं." मुकादमही बसला. उसाच्या मोळीवर बसून गुरुजींनी एकेकाचा अर्ज भरला. मी अंगठा पुढं केला.

"अंगठा चालतो. पर कमल, तुझ्या नावात तीन अक्षरं हायेत, कानामात्रा काई न्हाई. पाच मिन्टं लागतील."

मला अर्धा तास लागला. पण उन्हाळ्यात परतलो तेव्हा सगळ्या आळीची नावं यादीत होती. पुढचं वाचायला मी माझी मीच शिकले, त्याच यादीवरून. माणसं ओळखीची, म्हणून अक्षरंही लवकर ओळखीची झाली.

आता यंत्र आलंय. बटण दाबलं की काचेआड चिठ्ठी दिसते आणि सात सेकंदात खाली पडते. ती गुरुजींना दोन वेळा बघायला मिळाली. गेल्या साली ते गेले. त्यांची पोरं पुण्यात.

यंदा शाळेच्या भिंतीला कच्ची यादी लागली, तर त्यात गुरुजी होतेच. अंगणवाडीच्या ताई आता यादी बघतात. त्या म्हणाल्या, पोरांनी अजून कळवलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "राहू द्या ना आजी. फोटो किती चांगलाय."

मलाही वाटलं, राहू द्यावं. दोन दिवस मी त्या भिंतीकडं गेलेच नाही. पण मेलेल्याच्या नावावर दुसराच कोणी येऊन मत देतो, हे मला सांगितलेलं गुरुजींनीच. तिसऱ्या दिवशी ताईंकडून नाव काढायचा अर्ज मागून घेतला. कारण म्हणून 'मयत' लिहिलं, खाली सही केली. या वेळी अर्ध्या तासाहून जास्त लागला.

पक्की यादी आली तेव्हा ताईंनी ते पान माझ्यापुढं धरलं. गुरुजींच्या वरचा माणूस आणि खालचा माणूस आता एकाखाली एक आले होते, मधे जागासुद्धा नव्हती. यादी बरोबर होती. मी ताईंना म्हटलं, पान उलटा.