सेलूच्या अंगणातलं विमान आणि सासऱ्यांचा कापूस

माझ्या विमानामुळे आजवर एकही माणूस जखमी झालेला नाही. (ते अजून जमिनीवरून उठलेलंही नाही.)

सेलूत माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. बावन्नाव्या वर्षी मला सुटे भाग मागवून घरीच विमान जोडायचा झटका आला. खोकी उतरली तेव्हा बायको, सुनंदा, हरखून म्हणाली, "वॉशिंग मशीन आली काय?" खरं कळल्यापासून ती विमानाकडे सवतीसारखी बघू लागली.

दोन वर्षांत विमान उभं राहिलं. उडवायची परवानगी यायची होती. पण जागेवर इंजिन चालवायला काय हरकत? एका रविवारी सकाळी मी चाकांना विटा लावल्या, शेपटी दोरखंडाने कडुलिंबाला बांधली. पंख्यात कोणाचा हात जाऊ नये म्हणून विमानाचं तोंड फाटकाकडे आणि शेपटी घराकडे ठेवली. (सुरक्षेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.)

शेपटीमागच्या खोलीत सासऱ्यांचा कापूस होता. त्यांच्या आंजी गावच्या घरात जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी तो आमच्याकडे, मधे वाट ठेवून, आढ्यापर्यंत रचलेला. मोकळाच! पण अंगणाकडचं दार बंद होतं. मी दोनदा पाहिलं.

इंजिन सुरू झालं. काय तो आवाज! आवाज ऐकून सुनंदा मागच्या गल्लीतून त्या खोलीत शिरली आणि नेमकं तेच दार उघडून बाहेर आली. मी कानांवरची टोपी सावरत वळून पाहिलं, तर ती दोन्ही हात हलवत, उड्या मारत काहीतरी ओरडत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा बायकोला माझं कौतुक वाटलं! माझा ऊर भरून आला.

मी हसून आणखी जोर दिला.

पुढच्या दाराने पंख्याचा वारा आत, उघड्या राहिलेल्या मागच्या दाराने कापूस बाहेर! मागच्या गल्लीत शेजारच्या शकुनकाकू मुंगवड्या वाळत घालत होत्या. थोड्या वेळाने फाटकात एक पांढरीशुभ्र आकृती उभी राहिली. मी घाबरून इंजिन बंद केलं.

"काऊन रे भाऊ," आकृती शकुनकाकूंच्या आवाजात म्हणाली, "वड्याईले दाढ्या फुटल्या ना माह्या!"

"म्या केव्हाची बोंबलून राह्यली, बंद करा, बंद करा!" सुनंदा म्हणाली. "अन् तुम्ही हसून राह्यले!"

मग अख्खी गल्ली कामाला लागली. बाभळीवरून, तारांवरून, एका गोऱ्ह्याच्या शिंगांवरून आम्ही कापूस वेचला. सुनंदाने वडिलांना फोन केला. सासरे दुपारच्या गाडीने आले. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं, गल्लीत चक्कर मारली, मग विमानाभोवती तीनदा फिरले. शेवटी पंख्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, एक इचारू?"

"इचारा ना, मामाजी," मी पुटपुटलो.

"हे उलटं फिरते काय? वावरातला कापूस आत ओढाले? वेचाले बाया भेटून नाई राह्यल्या."

सुनंदा खो खो हसली. शकुनकाकू वड्यांचं दुःख विसरून हसल्या. सगळी गल्ली हसली.

हसलो नाही तो फक्त मी. मी कागद-पेन्सिल शोधत होतो!