अडकित्त्यातली गोळी

आईला हृदयाचा झटका आला तेव्हा तिने ऐंशी ओलांडली होती. त्यातून ती वाचली. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची एक गोळी कायमची लिहून दिली, रोज रात्री जेवणानंतर. "वय झालं म्हणून सोडायची नाही. पुन्हा झटका येऊ नये म्हणूनच आहे ती," असं त्यांनी बजावलं. घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच. डॉक्टरांचं बोलणं समजून घेणं हे माझं काम, आणि मी ते मनापासून करायचो.

काही वर्षं छान गेली. वडगावच्या बाजारात ती स्वतः भाजी निवडायला जायची. मग एका तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं.

"गोळ्या चुकतायत," डॉक्टर म्हणाले.

मी ठामपणे नाही म्हणालो. पाकीट तर वेळेवर संपत होतं.

त्याच आठवड्यात एका रात्री मी लोणावळ्याहून कामावरून नेहमीपेक्षा जरा लवकर परतलो. जेवणं उरकून आई आणि शेजारची खाला ओट्यावर बसल्या होत्या. आईच्या हातात सुपारीचा अडकित्ता होता. तिने त्यात गोळी धरली, कट्कन दाबली आणि अर्धा तुकडा खालाच्या हातावर ठेवला.

"आई, हे काय?"

"तिला बी घेरी येती. मला गुण आला, मग तिला नगं? येकटीनं कशी खाऊ?"

"लय गुणाची गोळी हाय बाबा," खाला म्हणाली आणि तुकडा तोंडात टाकून वर पाणी प्यायली.

मला रागवायचं होतं, पण जमेना. दोघींनी लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात अर्धं आयुष्य काढलं. दुपारी आईची भाकरी आणि खालाचा डाळ-मटणाचा दालचा, दोन्हींचे दोन वाटे. मी कॉलेजला निघालो की खाला दारात थांबवून माझ्या डब्यात काहीतरी कोंबायची. "सायेब झालास की मला इसरू नगंस," म्हणायची. त्या वाटून खाण्यावर मी मोठा झालो. आता तेच चुकीचं आहे हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दोघींनाही दवाखान्यात नेलं. डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. अर्ध्या गोळीने आईचं भागत नव्हतं, आणि दुसऱ्याचं औषध तपासल्याशिवाय घेणं खालाच्याही जिवावर बेतलं असतं. तपासणीत खालाचा रक्तदाब वाढलेला निघाला. तिला तिची वेगळी गोळी मिळाली, गुलाबी.

"तुझी रंगीत, आन् माझी पांढरी व्हय?" आई म्हणाली.

"नशीब लागतं, बाई!" खाला म्हणाली.

पुढच्या तपासणीत आईचं कोलेस्टेरॉल खाली आलं. आता ती नव्वदीला टेकली आहे, पण दुसरा झटका आलेला नाही. बाजारात अजून भाव करते, भाजीवाल्याशी भांडते. या वयात काहीच न घडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला तिच्याकडे बघून कळतं.

अडकित्ता पुन्हा सुपारीला लागला. दोघी एकाच तांब्यातलं पाणी घेऊन आपापली गोळी घेतात. परवा खाला लेकीकडे शिरगावला गेली होती. जेवण झालं, तरी आई गोळी हातात धरून बसून होती. मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला.

"घेतली का गं?" पलीकडून खालाचा आवाज आला.

"तू घे आधी," आई म्हणाली, आणि मग तिने पाण्याचा तांब्या उचलला.