नारळ उभा राहिला ती जागा

आमच्या वाडीच्या वर सडा आहे, उघड्या कातळाचं पठार. वरचा थर जांभ्याचा, भोकाभोकांचा. त्याखाली पिवळी चिकणमाती आणि तिच्याखाली सह्याद्रीचा काळा, लाव्हाचा दगड. पावसाचं पाणी जांभ्यातून उतरतं, मातीवर अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. त्या एका झऱ्यावर सतरा घरं आहेत. एप्रिलमध्ये धार करंगळीएवढी होते.

दोन वर्षांपूर्वी वाडीने बोअर मारायचं ठरवलं. पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून सड्याच्या कडेने चालला, आणि झऱ्याच्या वर वीसेक फुटांवर नारळ उभा राहिला. लगेच तिथे दगड रोवून कुंकू लावलं.

"इथे नको," मी म्हटलं.

"का रे, नारळावर विश्वास नाय तुझा?" शेजारचे काका म्हणाले. वाडीत त्यांचा शब्द चालतो.

"नारळ बरोबर आहे, काका. इथे पाणी आहेच. तेच खाली झऱ्याला येतं."

"मिरजोळ्याच्या कारखान्यात मीटर बघतोस, म्हणून डोंगराच्या पोटातलंही दिसतं काय?"

सगळे हसले. मी त्यांना झऱ्यापाशी नेलं. तोंडाशी हात घालून पिवळी माती काढली, तिची वाटी केली आणि पाणी भरलं. थेंब गळला नाही. मग तळाला बोटाने भोक पाडलं.

"बोअर हेच करणार. पाणी खालच्या काळ्या दगडाच्या भेगांत गेलं, तर ते कुठे निघेल कोण सांगणार?"

काका रिकाम्या वाटीकडे बघत राहिले. "मग मारायची कुठे?"

"माझ्या अंगणात. झऱ्याच्या खाली, नुसत्या काळ्या दगडात. नळ रस्त्यावर काढून देईन."

बायको तिथेच कळशी घेऊन उभी होती. "गाडी आत यायला अंगणाचा दगडी गडगा पाडावा लागेल," ती म्हणाली. "परत रचायचा तो तुम्हीच."

गडगा पाडला. दोनशेवीस फुटांपर्यंत राखाडी भुकटी उडत राहिली, ओल नाही. अंगणातली जास्वंदही पांढरी झाली.

"पीठ मात्र बारीक दळलंन," काका म्हणाले. "आता तरी वरची जागा बघूया. मशीन परत गेलं की पुन्हा कधी येईल सांगता येत नाय."

माझा अंदाज चुकला होता. पण अंगणातल्या कोरड्या भोकाने वरची माती जाड होणार नव्हती; तिथे बोअर मारली तर ती फुटणारच होती. मी नाही म्हटलं, आणि त्या दिवशी तरी मशीन परत गेलं.

रविवारी पहार घेऊन सड्यावर गेलो. पावसाचं पाणी जिथून सरळ वाहून जातं, त्या घळीत सुटे धोंडे रचून आडवा बांध घालायला लागलो. पाणी थांबलं तर मुरेल, एवढाच हिशेब. गुडघाभर रचून झाल्यावर काका वर आले. दम खात उभे राहिले.

"मशीनवाल्याला नको म्हणून कळवलंय," ते म्हणाले. "पण पुढल्या एप्रिलला धार एवढीच राहिली तर?"

"तर वर आणखी एक बांध घालू."

"एकटा?"

"तुम्ही आलात तर दोघं."

काकांनी लुंगी वर खोचली आणि माझ्या धोंड्याचं दुसरं टोक धरलं.