मांडववाल्याचं घर

माझी थोरली बहीण अनसूया. तिचे यजमान उद्धवभाऊजी अकोल्यात मांडव घालायचे. लग्न असो, तेरवी असो की पुढाऱ्याची सभा, लाकडी बल्ल्या आणि कापडी कनाती घेऊन भाऊजी हजर. हात असा बसलेला की वावटळ आली तरी त्यांनी मारलेली गाठ सुटायची नाही. स्वतःचं घर मात्र त्यांनी बांधलं नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते.

आम्ही आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. दिवाळीनंतर आमच्या अकोल्याच्या मंडळीत हंगामाची उपासना होते. कुणी ज्वारी आणतं, कुणी कापूस, मी आमच्या शेंदूरजनाघाटची संत्री नेते. त्या दिवशी चर्चच्या अंगणात ज्वारीचे धांडे आणि निंबाच्या डहाळ्यांचा एक मांडव उभा राहतो. शास्त्रात मांडवांचा सण सांगितलेला आहे ना, त्याची ही आठवण. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले तेव्हा रानात मांडव घालून राहिले. पुढे पक्की घरं मिळाली, कोठारं भरली, तरी ते दिवस विसरू नयेत म्हणून सुगी झाली की सात दिवस पाल्याखाली राहायचं. तो मांडव दरवर्षी भाऊजींच्याच हातचा. वरचा पाला ते मुद्दाम विरळ ठेवायचे. आभाळ दिसलं पाहिजे, अशी यहुदी लोकांची रीत आहे, असं कुण्या जुन्या पाळकांनी त्यांना सांगितलं होतं.

मग भाऊजी आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभे राहायचे. "अब्राहाम जल्मभर तंबूत राह्यला. आपन बी या जगात परके, यात्रेकरू. आपलं खरं नगर पुढं हाय." लोक आमेन म्हणायचे. अनसूया मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसायची. शास्त्रानं सात दिवस सांगितले होते, आमच्या भाऊजींनी ते अख्ख्या जन्माला लावले.

अकोल्यातली कितीतरी भाड्याची घरं त्यांनी बदलली. घरमालक बदलला की नवे नियम. पाहुणे जास्त नकोत, पाणी जपून वापरा, आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही. नवरा दिवसभर लोकांच्या अंगणात खुंट्या ठोकायचा आणि बायकोला खिळ्याची बंदी! लग्नाचा फोटो तिनं चादरीत गुंडाळून पेटीत ठेवला होता. कधी बोललीच तर भाऊजी हसून म्हणायचे, "अनसूये, सामान कमी असलं म्हंजे यात्रा सोपी जाते." त्यावर ती एवढंच म्हणायची, "यात्रा तुमची, अन् गाठोडे माह्या डोक्यावर."

मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. मी धावत अकोल्याला गेले. दवाखान्यात तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "रागिणी, मले दुसऱ्याच्या घरातून नोको जाऊ देऊ वं." औषध मागितलं नाही, देवाकडे वर्षं मागितली नाहीत.

मी तशीच खाली आले. भाऊजी निंबाखाली बसले होते. मागचापुढचा विचार न करता म्हटलं, "भाऊजी, अब्राहाम अब्राहाम करता, तर पुरतं वाचा ना! त्या तंबूवाल्यानंबी शेवटी जमीन घेतलीच. कवा घेतली? बायको मेल्यावर, तिले पुरायसाठी. तुमी जरा आधी घ्या." ते दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले.

पण गोदामातलं अर्धं सामान विकून त्यांनी गावाबाहेर एक लहानसा प्लॉट घेतला आणि पाया खोदला. मांडव एका दिवसात उभा राहतो. भिंतीला तशी घाई चालत नाही, तिला पाणी द्यावं लागतं, थांबावं लागतं. भाऊजी सकाळी भिंतींना पाणी मारायचे आणि तसेच सिमेंटच्या हातांनी दवाखान्यात यायचे.

"कुठवर आलं?" ती विचारायची.

"खिडकीपर्यंत."

"ओटा उंच नका करू. मी ठेंगणी हाय."

इतकी वर्षं गप्प असलेली माझी बहीण त्या खाटेवर पडून घर मांडत होती. डबे कुठे ठेवायचे, गुलाबाची कुंडी कुठल्या पायरीवर, सगळं. ते ऐकताना मला दाराबाहेर जाऊन रडावं लागायचं.

भिंती झाल्या, स्लॅब राहिला होता, आणि ऐन मे महिन्यात अनसूया गेली. घरमालकानं निरोप धाडला, गल्ली अरुंद आहे, बाकीचे भाडेकरू आहेत, तिला इकडे आणू नका. मग आम्ही तिला तिच्याच घरी नेलं. वर छप्पर नव्हतं आणि ऊन तर असं की उघड्यावर क्षणभर उभं राहवेना. भाऊजींची माणसं पुढे झाली. पण भाऊजींनी सगळ्यांना मागे सारलं, स्वतः भिंतीवर चढले आणि पांढरी कनात ताणून एकेक गाठ मारली. पाळकसाहेबांनी वाचलं की हा देह म्हणजे नुसता तंबू, तो मोडला तरी देवाजवळ आपल्याला न मोडणारं घर आहे. माझाही त्यावर विश्वास आहे. पण मी वर पाहिलं आणि मला हुंदका आवरेना. शेवटी बहिणीच्या डोक्यावर मांडवच आला. स्वतःच्या घरातून गेली, एवढं समाधान.

पुढे स्लॅब टाकून झाला. यंदा हंगामाच्या उपासनेला भाऊजींनी मांडव घातला, पण साक्ष द्यायला उभे राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी संत्र्यांची पिशवी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. घर पूर्ण झालं होतं. दार ढकलून आत पाहिलं, भिंतींना रंग दिलेला, ओटा ठेंगणा, फरशीवर कुणाचं पाऊल उमटलेलं नाही. भाऊजींची खाट अंगणात, ताडपत्रीखाली. शेगडीही तिथेच, अंघोळीची बादलीही.

माझं डोकं फिरलं. "भाऊजी, हे काय करून राह्यले तुमी? एवढं घर बांधलं अन् भाईर काहून झोपता?"

ते उघड्या दाराकडे पाहत राहिले.

"घर तिचं हाय, रागिणी," ते म्हणाले. "तिनं मले अजून आत या म्हटलं नाई."